माळ्यावरचं पितळ

१६ जानेवारी १९९०, मंगळवार

ह्यांनी परभणीहून कृषी विद्यापीठाच्या दोन डायऱ्या आणल्या. एक तात्यारावांना गेली, एक माझ्या वाट्याला आली. प्रत्येक पानाखाली शेतीचा सल्ला छापलाय. आज म्हणे करडईवरच्या माव्याकडे लक्ष ठेवावं. माव्याकडे बाकीचे बघतील, मी माणसांकडे बघते. जिंतूरला शाळेत असताना वक्तृत्वाची ढाल मी दोनदा घरी आणली होती. लग्न होऊन या गावी नऊ वर्षं झाली. आता बोलायला बालवाडीतली पोरं आणि लिहायला हे पान.

तात्याराव विधानसभेला उभे राहणार हे नक्की झालं. हे त्यांचे उजवे हात. तात्याराव जुन्या वळणाचे गृहस्थ. बायकांनी सभेत पुढे बसू नये, गायरानावरची अतिक्रमणं निघावीत आणि नामांतराचं खूळ सोडून विद्यापीठाचं नाव आहे तेच राहावं, असं त्यांचं म्हणणं. पहिलं मला मुळीच पटत नाही. बाकीच्या दोन गोष्टींचा मी कधी नीट विचार केलेला नाही.

तात्याराव निवडून आले तर ह्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट मिळेल. घरात सध्या दुसरा विषय नाही.

१९ जानेवारी

आत्याबाईंच्या तऱ्हा लिहायच्या तर ही डायरी पुरायची नाही. माझ्या सासूबाई कामाला वाघ, पण स्वयंपाक उरकला की विझलेल्या चुलीवर तांब्याभर पाणी ओततात. रोज. सकाळी राखेचा चिखल मी उपसायचा. "आत्याबाई, चूल विझलीय की," म्हटलं तर म्हणतात, "विझली म्हनून का झालं? आतून धगत असती."

तशीच गोष्ट माळ्याची. माळ्यावर कुणी चढायचं नाही, तिथं साप आहे. नऊ वर्षं तोच साप. मी एकदा विचारलं की हा म्हातारा होऊन मरत कसा नाही. आत्याबाई ताटावरून उठून गेल्या. अमावस्येला माळ्याच्या शिडीखाली दिवा लावतात. सापासाठी दिवा लावलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

२४ जानेवारी

सत्यशीलाने आज सुकडी वाटताना विषय काढला. सत्यशीला बालवाडीत माझी मदतनीस. बौद्धवाड्यातली, पंचविशीची, हुशार. तिच्यासारखी गाणी मला येत नाहीत. वडील लहानपणीच दम्याने गेले, असं आत्याबाई सांगतात. घरी आई आणि ती.

"बाई, मतदानाच्या आदल्या दिशी आमी समदे परभणीला जायलोत. आख्खी वस्ती."

"कुणाचं लग्न हाय का?"

"लगीन न्हाई. भ्या वाटायलंय. तात्याराव आले तर अठ्ठ्याहत्तर परत हुईल म्हनतेत समदे."

मी हसले. तिला ते आवडलं नाही, पण मला खरंच हसू आलं. अठ्ठ्याहत्तर साली वस्तीत चुलीची ठिणगी उडाली, वारं होतं, घरं जळली. मी लग्न होऊन आले तेव्हाच आत्याबाईंनी सांगितलं होतं. त्या आगीचा तात्यारावांशी काय संबंध?

२८ जानेवारी

ह्यांना सांगितलं. वाटलं, चिडतील. ते नुसते कोपराखालचा डाग खाजवत बसले. उजव्या हातावर मोठा भाजल्याचा डाग आहे, म्हणून उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचा सदरा घालतात. लग्नाआधी गुऱ्हाळात कढईचा चटका बसला म्हणे.

मग म्हणाले, "वस्ती गाव सोडून गेली तर पेपरात येईल. तात्यारावांची बदनामी हुईल. तू जा. बायका तुझं ऐकतेत. बोलन्यात तुझा हात कोन धरतंय?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या बोलण्याचं ह्यांनी कौतुक केलं. आनंद झाला, खोटं कशाला लिहू?

३० जानेवारी

वस्तीत जाऊन आले. एक गंमत दिसली. गावातल्या गरिबांची घरं अजून पाचटाने शाकारलेली आहेत, पण वस्तीत एकाही घरावर गवताची काडी नाही. सगळीकडे पत्रे. घरात भाकरीला पीठ नसलं तरी वर पत्रा. हौस म्हणायची का काय.

सत्यशीलाच्या दारात बायका जमल्या. तिची आई मधोमध बसली होती. तिला सगळे मावशी म्हणतात, मीही तेच म्हणते. मी मनाशी मुद्दे पाठ करून गेले होते.

पहिला मुद्दा ठिणगीचा मांडला. मावशी म्हणाल्या, "बाई, सरावन तोंडावर व्हता. नागपंचमीच्या आदी. आठ दिस पानी उघडलं नव्हतं. भितीला वल, लाकडाला वल. चुलीत जाळ धरंना, फुकून फुकून डोळे गेले. आन् म्हनं ठिनगी."

मी लगेच दुसऱ्या मुद्द्यावर आले. म्हटलं, तात्याराव विद्यापीठाच्या नावाबद्दल बोलतात, माणसांबद्दल नाही. नाव कोणतंही असलं तरी आपली पोरं तिथं शिकणारच.

"नावावरनंच पेटलं व्हतं, बाई. रेडूवर बातमी आली, बाबासायबांचं नाव द्यायचं ठरलं म्हनून. आमी गूळ वाटला. चवथ्या दिशी आमच्या घरावर छप्पर नव्हतं."

"पण गायरानाचं म्हणाल तर ते सरकारचं आहे. तात्याराव एकटे ते कसं काढून घेतील?"

"गायरान कोरडं व्हतं तवर आमी ते कसतो म्हनून कुनी इचारलं न्हाई. त्र्याऐंशीला कालवा आला, तवा गावात पैला ऊस लागला. तवापासनं समद्यांच्या डोळ्यात भरलंय."

वादात मी कधी हरले नव्हते. शेवटी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "मावशी, मी जामीन. गाव सोडू नका. माझा शब्द हाय. काही झालंच तर पैलं माझं दार वाजवा."

"तुजंच दार?" मावशी म्हणाल्या आणि सत्यशीलाकडे बघू लागल्या.  माझा शब्द मनाला भिडला असावा.

५ फेब्रुवारी

तात्याराव स्वतः वस्तीतल्या बायकांशी बोलायला तयार झाले. आमच्या ओसरीवर, येत्या गुरुवारी. कल्पना माझीच. वस्तीतल्या बायका या ओसरीवर कधी चढल्या नाहीत, त्या अंगणातून बोलतात. पाणी मागितलं तर त्यांच्यासाठी बाहेरच्या कोनाड्यात जर्मनचा वेगळा गिलास आहे. मी आले तेव्हापासून तो तिथंच.

त्या गिलासात पाणी दिलं तर सगळं मुसळ केरात. पण घरातली भांडी आत्याबाई देणार नाहीत, मरेपर्यंत देणार नाहीत. त्या सध्या लेकीकडे ताडकळसला बाळंतपणाला गेल्यात. पण परत आल्यावर कळलं तर माझी धडगत नाही. काहीतरी मधला मार्ग काढायला हवा.

७ फेब्रुवारी

काढला. माळ्यावर चढले.

साप नव्हता. कोपऱ्यात तोंड शिवलेलं एक पोतं होतं, त्यावर बोटभर धूळ. उसवलं तर आत पितळ. हंडा, दोन ताटं, परात, तांब्या. सगळं काळंकुट्ट, काजळी धरलेलं. घरात रोज जी वापरतो ती भांडी अगदीच साधी, आणि इतकं देखणं पितळ वर पडून. आत्याबाईंच्या माहेरचं असेल, जपून ठेवलं असेल, असं वाटलं. वापरातलं नाही, म्हणजे कुणाला दिलं तरी घरची भांडी "बाटली" असं कुणी म्हणू शकत नाही. माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं.

तांब्या चिंचेने घासला. दुपारभर घासला. काजळी निघाली तसा सोन्यासारखा निघाला. गळ्याखाली एक पोचा आहे, आणि ठिपक्या ठिपक्यांनी नाव घातलेलं आहे: कडूबाई. त्याखाली लग्नभेट. कडूबाई कोण? आत्याबाईंची बहीण, नाही तर मावळण असेल. आल्या की विचारीन.

माळ्यावर असताना एक विचित्र गोष्ट झाली. पोतं उसवलं आणि धुराचा वास आला. मी खाली वाकून बघितलं, चूल थंड होती.

८ फेब्रुवारी, गुरुवार

 राग आलाय की भीती वाटतेय, मलाच कळत नाही. झालं ते क्रमाने लिहिते.

बायका आल्या. ओसरीवर चढायला लाजत होत्या, मी एकेकीचा हात धरून वर घेतलं. तात्याराव लोडाला टेकून बसले होते. छान बोलले. म्हणाले, "आमच्या मनात काळंबेरं न्हाई. तुमी आमच्या लेकीबाळी. नाव तेवढं हाय ते राहू द्या. ज्याचं नाव ज्याला, दुसऱ्याच्या चिजेवर आपलं नाव घालू नये, एवढंच आमचं म्हननं." टाळ्या गावातल्यांनी वाजवल्या. हे दाराशी उभे होते.

मग मी तांब्या भरून आणला. माझ्या हाताने मावशींच्या हातात दिला. तात्याराव ह्यांच्याकडे हात करून म्हणाले, "बघा! भुजंगरावांच्या घरचा तांब्या. आता कुठं राहिला भेद?"

मावशींनी तांब्या घेतला, तोंडापाशी नेला आणि थांबल्या. अंगठा गळ्याखालच्या पोच्यात बसला. बसला म्हणजे अगदी नेमका बसला, रोजच्या सवयीने बसावा तसा. मग अंगठा हळूहळू ठिपक्यांवरून फिरला. त्यांना वाचता येत नाही. सत्यशीलाला येतं. तिने वाकून वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. तशा नजरेने माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही.

"पी की मावशी," तात्याराव म्हणाले.

"तान न्हाई मालक."

तांब्या त्यांनी मांडीवर घेतला. क्षणभर त्यावर पदर ओढला. लेकराला झाकावं तसा. मग खाली ठेवला आणि उठल्या. त्यांच्यामागे सगळ्या उठल्या. ओसरीवर पाण्याने भरलेला तांब्या तसाच राहिला.

हे माझ्याकडे आले. आवाज खाली, पण दात आवळलेले. "माळ्यावर तुला कुनी जायला सांगितलं व्हतं?"

मी इतका घाट घातला, आणि पाण्यालासुद्धा तोंड लावलं नाही. एवढा मान दिला तरी माणसांचं समाधान होत नाही.

१३ फेब्रुवारी

सत्यशीला चार दिवस बालवाडीत आली नाही. आज मीच गेले. पत्र्याखाली बसून ती तांदूळ निवडत होती. बस म्हणाली नाही.

मी म्हटलं, "पाण्यावरून एवढा राग? जुना तांब्या दिला म्हणून?"

"बाई, माज्या आईचं नाव म्हाइत हाय का तुमाला?"

नव्हतं. सहा वर्षं मावशींची मुलगी माझ्या शेजारी बसून पोरांना शिकवतेय आणि मला नाव माहीत नव्हतं.

"कडूबाई," ती म्हणाली. "तो तांब्या मामानं दिला व्हता लग्नात. हिरीवर पडून पोचा आला. मी त्याच पोच्यात बोट घालून पानी प्यायचे."

मी म्हटलं, बाजारातून कुणीतरी घेतला असेल. मोडीवाल्याकडून. चोरीचा माल फिरतो. हे बोलताना माझा आवाज वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखा लागत होता, मलाच ऐकू येत होता.

ती तांदूळच बघत होती. "माज्या बापाला दमा न्हवता, बाई. घर पेटलं तवा समदे बाहेर पळाले. बाबा भांडी काढायला परत आत गेले. हंडा, परात, तांब्या, समदं दारातनं बाहेर फेकलं. भांडी बाहेर आली. ते न्हाई आले."

मावशी आतून म्हणाल्या, "सत्या, बस कर. तिला काय म्हाइत? ती नव्हती तवा."

१४ फेब्रुवारी

ठरावाच्या बाजूने: भांडी फेकली तेव्हा अंगणात शंभर माणसं असतील. कुणीही उचलली असतील. मग विकली असतील. मामंजी हयात होते, त्यांनी स्वस्तात घेतली असतील.

ठरावाच्या विरोधात: विकत घेतलेलं पितळ कुणी तोंड शिवून माळ्यावर टाकत नाही.

पानाखाली छापलंय: गव्हाला पाणी देण्यास विलंब करू नये.

१६ फेब्रुवारी

आत्याबाई आल्या. मी आडपडदा न ठेवता विचारलं. वाटलं होतं की नाही म्हणतील, रडतील. त्या पायावर पाणी घेत होत्या, घेत राहिल्या.

"मी हात लावला न्हाई कवाच. हात कसा लावावा? त्येंच्या चुलीवरली भांडी. घरात बाट नको म्हनून वर टाकली."

"मग परत का नाही दिली?"

"कोन देनार? दिली म्हंजे आपल्याकडं व्हती म्हनायचं."

"टाकून तरी द्यायची."

त्यांनी माझ्याकडे खुळ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "पितळ हाय. पितळ फेकून देतेत व्हय कुनी?"

अकरा वर्षं. वापरताही येईना आणि टाकताही येईना. आणि खाली दिवा. मला त्यांची शिसारी आली आणि दयाही आली. संध्याकाळी त्या चुलीवर पाणी ओतत होत्या तेव्हा मी तोंड फिरवलं.

कुणी आणली, हे मी विचारलं नाही. जिभेवर आलं होतं.

१९ फेब्रुवारी

पोतं माळ्यावर नाही. तांब्याही नाही. मी वस्तीत नेऊन द्यायचं ठरवलं होतं, मनात वाक्यंसुद्धा तयार होती. ह्यांना विचारलं. म्हणाले, "त्याची येवस्था केली. इलेक्शन हुईपर्यंत तोंड बंद ठिव. तुझ्यामुळं किती नुकसान झालंय त्याची खबर हाय का?"

मी म्हटलं, "मी शब्द दिलाय त्यांना."

"शब्द तू दिला. माझ्या घरातलं पितळ न्हाई दिलं."

माझ्या घरातलं, म्हणाले. सदऱ्याची बाही वर सरकली होती, ती खाली ओढून गेले. कालवा त्र्याऐंशीला आला. पहिला ऊस तेव्हा लागला. लग्नाआधी आमच्याकडे गुऱ्हाळ कुठलं, हे माझं मलाच आज दुपारी भाकरी थापताना सुचलं आणि भाकरी करपली.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मतदान. वस्ती परभणीला गेली नाही. सकाळी दार उघडायच्या आधी सगळ्या बायका शाळेपुढे रांगेत होत्या, धुतलेली लुगडी नेसून. सगळ्यांत पुढे कडूबाई.

मी जवळ गेले. म्हटलं, "मावशी, शब्दाला मान दिलात."

"तुज्या शब्दावर न्हाई आले, लेकी. परभणीला जाऊन भ्या जात न्हाई. संगंच येतं. म्हटलं, मग हितंच बसावं." मग शाईचं बोट मला दाखवलं. तांब्याच्या पोच्यात बसलेल्या त्या अंगठ्याशेजारचं.

२ मार्च

तात्याराव निवडून आले. जुलूस निघाला, गुलाल उधळला. टेंभे घेऊन पोरं वस्तीच्या बाजूने वळली तशी मी ओसरीवरून धावत खाली आले. काय करणार होते, देव जाणे. पोरं नुसती घोषणा देऊन पुढे गेली. वस्तीत एकही दार उघडं नव्हतं. पत्र्यांवर टेंभ्यांचा उजेड तेवढा हलत होता.

हे म्हणाले, "बघ. झालं का काही? उगं भितेत."

खरंच काही झालं नाही. हे मी लिहून ठेवते. पण माझं दार वाजलं असतं तर मी उघडलं असतं का आणि बाहेर कोण कोण उभं असतं, हा विचार जात नाही.

११ मार्च, होळी

आत्याबाई होळीला आल्या नाहीत. दार लावून बसल्या. बालवाडीत सत्यशीलाने राजीनामा दिला, तोंडी. मुलं तिची गाणी विचारतात.

२६ मार्च

उद्या पाडवा. ह्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्यापुढे ठेवलं. जिल्हा परिषदेचं जमल्यात जमा आहे, म्हणून खुशीत होते. "उघड की."

तांब्या होता. झगझगीत. बाकीचं मोडीत घातलं, हा घाटाने चांगला म्हणून ठेवला, म्हणाले. कासाराने भट्टीत तापवून पोचा काढला, घासून गुळगुळीत केला आणि नवं नाव घातलं. सौ. कोकिळा भुजंगराव. "तुझ्या नावचं एक बी भांडं नव्हतं घरात. आता बाट न्हाई, काई न्हाई. उद्या गुढीवर ह्योच लाव."

आत्याबाईंनी हातात घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "जड हाय."

मी तो पदराखाली घेतला आणि सरळ वस्तीत गेले. भरदिवसा, चावडीवरून. कडूबाई दारात बसल्या होत्या. मी तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.  "तुमचा आहे," एवढंच म्हटलं.

त्यांनी उचलला. अंगठा पोचा शोधत गळ्याभोवती फिरला, परत फिरला. नाही सापडला. ठिपक्यांवर थांबला.

"सत्या, ह्याच्यावर काय लिवलंय?"

सत्यशीलाने वाचून दाखवलं. माझं पूर्ण नाव.

कडूबाईंनी तांब्या पदराने पुसला आणि माझ्या हातात परत दिला. राग नव्हता आवाजात, तो असता तर बरं झालं असतं.

"तुजं नाव हाय ह्याच्यावर, बाई. आमी दुसऱ्याचं घरात ठिवत न्हाई."

२७ मार्च, पाडवा

गुढी उभारली. काठीला साडी, कडुलिंब, साखरेची माळ आणि वर उपडा तांब्या. रस्त्याने जाणारे मान वर करून बघतात. माझं नाव उलटं दिसतं, पण वाचता येतं.